आत घेतलं काय?

‘माज आलाय त्याला. दुसरं काय न्हाय.’

हे पहिल्यांदा टेलर बोलला. माझ्या पायरीवर बसून, माझाच चहा पीत. निपाणीत माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे आणि त्याच्या पायरीवर गिऱ्हाईक कमी, फुटबॉलवाले जास्त. टेलर ज्याच्याबद्दल बोलत होता तो माझा सख्खा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा, शाळेला माझ्याच घरी राहिलेला. पण पायरीवर नातं चालत नाही. तिथं तो सगळ्यांचा डावऱ्या. डाव्या पायानं खेळतो म्हणून लहानपणीच हे नाव पडलं, आणि पुढं अख्खं मैदान त्याच नावानं ओरडायला लागलं.

मला राग आला. टेलरचा नव्हे, डावऱ्याचा. कारण मलाही तेच वाटायला लागलं होतं.

पावसाळा संपता संपता डावऱ्या आमचा संघ सोडून कोल्हापूरला गेला, तिथल्या एका तालमीच्या फुटबॉल संघात. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. तो गेला त्या दिवशी मी दुकानात येईल त्याला पेढा दिला. नळाचा वायसर घ्यायला आलेल्यालासुद्धा. मग दिवाळी झाली, संक्रांत झाली, निम्मा सीझन सरला, आणि डावऱ्याला त्यांनी एकदाही मैदानात उतरवलं नाही. दर मॅचला हा ट्रॅकसूट घालून बेंचवर. का? ह्या एका प्रश्नावर आमच्या पायरीनं अख्खा हिवाळा काढला.

पायरीवर आम्ही चौघं कायमचे. मी, टेलर, निपाणी-कोल्हापूर गाडीवरचा एक कंडक्टर आणि सर. सर म्हणजे शाळेतले रिटायर झालेले खेळाचे मास्तर. डावऱ्याला त्यांनीच घडवला. आमच्या मैदानाच्या डाव्या अंगाला तंबाखूच्या गोडाऊनची भिंत आहे. हे पोरगं सहावीत असल्यापासून एकटंच त्या भिंतीशी पास खेळायचं. बॉल भिंतीवर हाणायचा आणि परत येईस्तोवर आपण दहा पावलं पुढं. सर म्हणायचे, ह्याला जोडीदार नको, भिंत पुरे. पुढं मोठ्या पोरांत खेळायला लागला तेव्हा पुढचा बॅक भांबावून जायचा. बॉल दिसायचा, पोरगं दिसायचं, पण दोन्ही एकदम कधी दिसायचं नाही. काय खेळायचा हो! आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो.

आणि आता ह्याच पोराची आम्ही रोज सालं काढत होतो.

‘यात्रेला आलता तवा गाडीवरनंच हात केला,’ टेलर म्हणायचा. ‘ह्याच पायरीवर चड्डीत बसून बिस्किटं खाल्लीत त्यानं. खाली उतरून दोन शब्द बोलाय काय झालतं?’

‘घाईत असंल वो पोरगं,’ कंडक्टर नेहमी त्याच्या बाजूचा.

‘कसली घाई? बेंचवर जागा धराय जायाचं हुतं व्हय?’

हसायचे सगळे. मीही हसायचो. मग टेलर त्याच्या लाल केलेल्या केसांवर यायचा, तिथनं फोन न उचलण्यावर.

‘पाय सोन्याचा हाय,’ सर शेवटी म्हणायचे. ‘पण मान वाकत न्हाय. तेच कोचला खटकत असणार. अजून वय हाय, सुधारला तर लई पुढं जाईल. न्हाय सुधारला तर ह्या वर्षातच संपला म्हणून समजा.’

सर बोलले की विषय मिटायचा. दुसऱ्या दिवशी परत तिथनंच सुरू.

ह्यात बेंगळूरची गोष्ट सारखी निघायची. कोल्हापूरच्या आधी त्याला बेंगळूरच्या एका खेळाडूंच्या हॉस्टेलात जागा मिळाली होती. राहणं, खाणं, शिकवणं सगळं त्यांचं. सहा महिन्यांत बॅग घेऊन परत आला. आमच्या घरात निम्मं कानडीच बोलतात, पण ते आमचं निपाणीचं कानडी, मराठीत कालवलेलं. तिथली पोरं हसायची. नावानं कुणी हाकच मारेना, ‘ए महाराष्ट्र’ म्हणायची. परत आला तेव्हा आम्हीच पायरीवर त्याची पाठ थोपटली. ‘मर्दा, शाब्बास! आपल्या माणसांत खेळ,’ हे टेलरचेच शब्द. आता तोच टेलर म्हणत होता, ‘बेंगळुरात टिकला न्हाय, कोल्हापुरात टिकंना. मग खोट कुणात हाय?’ आणि आम्ही माना डोलावत होतो.

बहिणीला, आक्काला, फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. ती चिकोडी रस्त्यावरच्या गावात राहते. रविवारी दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं की तिचा मला फोन. एकच प्रश्न.

‘आत घेतलं काय रं त्याला?’

‘अजून न्हाय आक्का.’

‘आता कवा घेणार?’

तिला घाई होती त्याला कारण होतं. दाजींनी सांगून टाकलं होतं: एक सीझन बघायचा. मैदानात उतरला तर खेळू दे, नाहीतर गुमान कागलच्या कारखान्यात लागायचं, तिथं ओळख आहे, पुन्हा फुटबॉलचं नाव काढायचं नाही. दाजी वाईट नाहीत. पोरगं विशीत आलं, शिक्षण अर्धवट, त्यांनी तरी किती वाट बघायची? म्हणजे डावऱ्याला जे काही करून दाखवायचं होतं ते उन्हाळ्याच्या आत. आणि बेंचवर बसून कोण काय करून दाखवणार, कप्पाळ!

शेवटी मीच म्हणालो, चला, एकदा डोळ्यांनी बघून येऊ. ह्याचं वागणं तरी कळेल.

एका रविवारी चौघं गेलो. स्टेडियम फुल्ल. आम्ही बेंचच्या मागच्या अंगाला जागा धरली. शेजारी एक म्हातारबा शेंगांची पुडी घेऊन बसले होते. कोल्हापूरचे, गप्पिष्ट माणूस. मॅच सुरू झाली आणि आमचं लक्ष खेळाकडं कमी, डावऱ्याच्या पाठीकडं जास्त. तो लाइनीच्या कडेनं पळून अंग गरम करायचा, परत येऊन बसायचा. तो उठला की आम्ही चौघं उठायचो. मागचे ओरडायचे, बसा की खाली!

दुसऱ्या हाफात त्यांचा संघ एका गोलानं मागं पडला. त्यात डावीकडनं खेळणारं पोरगं पाय धरून खाली बसलं. कंडक्टरनं माझा दंड धरला. डावऱ्या उठला. जॅकेट काढलं. बूट परत बांधला. कोचनं एकदा त्याच्याकडं बघितलं, मग मान फिरवली आणि दुसऱ्याच पोराला आत पाठवलं. उजव्या पायाचं पोरगं, डाव्या बाजूला! डावऱ्यानं जॅकेट परत चढवलं आणि बसला.

‘बघा!’ टेलर उसळला. ‘कायतरी उलट बोललाय कोचला. त्याशिवाय असं करील व्हय?’

‘तुमी त्या पोराचं व्हय?’ शेंगावाल्या म्हातारबांनी विचारलं. ‘कुठलं तुमी?’

‘निपाणीचं,’ मी म्हणालो. ‘भाचा हाय माझा.’

‘आसं व्हय! मग न्हाय घ्यायचं हो त्याला. पोरगं चांगलं हाय, प्रॅक्टिसला बघतो की मी. पण बाहेरच्या राज्यातलं, देशातलं मिळून तीनच खेळवायचं आसतंय. ते सेंटरचं आफ्रिकेचं, मागचं दोन गोव्याचं, झालं की. त्यांतला एक भाईर आला तरच ह्यो आत.’

आम्हाला काही कळेना. म्हणजे नियम माहीत नव्हता असं नाही. परराज्यातले ठरावीकच उतरवायचे, हे आम्ही पायरीवर शंभरदा बोललो असू. चांगला नियम आहे असंही म्हणालो असू. बाहेरच्यांनी आपल्या पोरांच्या जागा का खायच्या? पण त्या बाहेरच्यांत आपण येतो हे आमच्या डोक्यातच कधी आलं नाही. देवाशपथ, एकदाही नाही.

‘बाहेरचा कसला?’ कंडक्टर चिडला. ‘निपाणीचा हाय त्यो! मराठी हाय!’

‘व्हय की,’ म्हातारबा म्हणाले. ‘निपाणी म्हंजे कर्नाटकच की हो.’

त्यात कुजकेपणा काही नव्हता. जिल्हा सांगावा तसं सांगितलं, आणि पुडी पुढं केली. ‘घ्या, शेंगा खावा.’

मी सरांकडं बघितलं. आमचा भाग महाराष्ट्रात जावा म्हणून तरुणपणी सर आंदोलनात होते. हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आलेत. तिथल्या भाकरीचा किस्सा ते वर्षातनं एकदा तरी सांगतात आणि आम्ही दर वेळी नव्यानं ऐकतो. सरांनी पुडीतली एक शेंग घेतली. सोलली. दाणे हातात तसेच धरून मॅच संपेपर्यंत बसून राहिले.

डावऱ्याचा संघ हरला. आम्ही त्याला न भेटताच निघालो.

परतीची गाडी धरली. कागल गेलं, टोलनाका गेला. नाका ओलांडून कर्नाटकात आल्यावर टेलर हळूच म्हणाला, ‘काय बी म्हणा, माज हायच त्याला.’

‘हाय,’ सर खिडकीतनं बाहेर बघत म्हणाले. ‘थोडा हाय.’

‘थोडा? लई हाय!’ मी म्हणालो, आणि एवढ्या जोरात म्हणालो की पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून बघितलं. कंडक्टर, जो कायम त्याच्या बाजूनं बोलायचा, तोही म्हणाला, ‘केस तरी कशाला लाल करायचं?’ मग निपाणी येईपर्यंत आम्ही चौघांनी त्या पोराला धुऊन काढलं. माज म्हटला की उतरवता येतो. कान धरावा, चार शब्द सुनवावेत, पाया पडायला लावावं. दुसरं जे कळलं होतं त्याचं काय करायचं हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. अजूनही नाही.

घरी पोचतोय तोवर आक्काचा फोन.

‘आत घेतलं काय?’

‘न्हाय.’

‘का रं? तुमी तर बघून आलासा न्हवं?’

सांगायला तोंड उघडलं, पण सांगू काय? कोल्हापूरला जाताना ह्याच बाईनं पोराला सांगितलं होतं, आता आपल्या माणसांत चाललाईस, काळजी न्हाय. तिच्या जिवाला तेवढाच आधार होता. मी म्हणालो, ‘जरा माज आलाय त्याला आक्का. कोचशी पटत न्हाय.’

ती म्हणाली, ‘बघतेच मी त्याला.’

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोवर डावऱ्याचा फोन. कधी न करणारं पोरगं.

‘मामा, आईनं लई झाडलं मला. कोचच्या पाया पडून माफी माग म्हणाली.’

‘मग?’

‘मागतो म्हणालो की.’

मी शटरची किल्ली हातात घेऊन तसाच उभा. तो म्हणाला, ‘काल तुमी आलतासा. बघितलं मी. त्या शेंगावाल्या आज्जांच्या शेजारी बसलतासा न्हवं?’

‘व्हय.’

‘त्ये काय बोललं काय तुमाला?’

‘न्हाय रं.’

‘सरांच्या म्होरं काय बोललं काय?’

त्याला सगळं माहीत होतं. तिकडं गेल्यापासून माहीत होतं. यात्रेला आला तेव्हा माहीत होतं, म्हणून गाडीवरनं उतरला नाही. पायरीवर बसला असता तर सरांनी विचारलंच असतं, का रं खेळवत न्हाईत?

‘न्हाय,’ मी म्हणालो. ‘सर लांब बसलते.’

‘मग बरं,’ तो म्हणाला. ‘सरांना कळू देऊ नका मामा. ते माज म्हणत्यात न्हवं, म्हणू दे. तेच बरं हाय.’

फोन ठेवला. तेवढ्यात टेलर येऊन पायरीवर बसला. ‘कोण? आपला हिरो? काय म्हणतोय?’

‘काय न्हाय,’ मी म्हणालो, आणि शटर वर केलं.

त्या सीझनला तो आफ्रिकेचा पडला नाही, गोव्याचे दोघंही धडधाकट राहिले. उन्हाळ्यात डावऱ्या बॅग घेऊन परत आला. केस काळे करून आला होता. बूट त्यानं सरांकडं नेऊन दिले, शाळेतल्या कुणाला बसले तर बघा म्हणून. का खेळवलं नाही हे सरांनी विचारलं नाही. दोघं मैदानाच्या कडेला थोडा वेळ बसले आणि उठले.

कागलच्या कारखान्यात पहिल्या दिवशी त्याला सोडायला मीच गेलो होतो. टोलनाका ओलांडून पलीकडं, महाराष्ट्रात. गेटवरच्या वॉचमननं नाव विचारलं, चिठ्ठी बघितली आणि बाजूला झाला. कुठल्या राज्यातला, कुणी विचारलं नाही. आक्काचा फोन आला. रविवार नव्हता, पण सवयीनं तिच्या तोंडातनं तेच निघालं.

‘आत घेतलं काय रं त्याला?’

‘व्हय आक्का,’ मी म्हणालो. ‘घेतलं.’