बांगड्या काढण्याचा हुकूम

माझी धाकटी बहीण ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात चार महिने होती. दुसरं मूल गेल्यापासून ती स्वतःलाच इजा करून घेऊ लागली होती. कल्याणला तिच्या सासरी आधी अंगारे झाले, मग तिला खोलीत कोंडलं. तेही जमेना तेव्हा त्या मंडळींना सरकारची आठवण झाली.

तिथले डॉक्टर मोठे विद्वान. रोग्याकडे न बघता रोग ओळखत. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "नवरा वारला असा भ्रम झालाय. सारखी रडते. असाध्य दिसतं." असाध्य म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही, म्हणून तो शब्द त्यांच्या जिभेवरच असे.

बहिणीला बाहेर आणलं. कपाळ कोरडं, गळा रिकामा, हातात एक बांगडी नाही. मला पाहताच तिनं विचारलं, "दादा, ते कधी गेले? मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या बाईला मी विचारलं. ती वसईकडची ख्रिस्ती होती. "आल्या दिशीच काढलं सगलं," ती म्हणाली. "काच नको, दोरा नको, असा हुकूम हाय."

हुकूम बरोबरच होता, तिचा जीव वाचावा म्हणूनच होता. पण दोघी बायांनी हात धरून सवाष्णीच्या बांगड्या उतरवायच्या आणि का ते सांगायचं नाही, तर तिनं समजायचं तरी काय? ख्रिस्ती बाईला ते ठाऊक नसेल. तिथले आमचे कारकून, कंपाउंडर? सगळे बायकापोरांचे धनी, पण एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

नवरा जिवंत आहे, असं मी तिला शपथेवर सांगितलं. ती म्हणाली, "मग येत का नाहीत?"

मी कल्याण गाठलं. मेहुणे दुसऱ्या लग्नासाठी मुलगी बघायला निघाले होते. डोक्याला नवं पागोटं होतं. बायकोची चौकशी करायचंही त्यांना सुचलं नाही.

पुढच्या भेटीत मी तिला खरं तेच सांगितलं. ती रडली नाही. आपल्या मनगटांकडे बघत म्हणाली, "मग हे हात असेच बरे. दादा, मला तुझ्या घरी ने."

माझ्या घरी लग्नाच्या दोन मुली होत्या. मी नेतो म्हणालो आणि नेलंही, पण म्हणायला क्षणभर उशीर केला. तो उशीर तिनं पाहिला.