घोटावड्याचा डाकू

“शेरीफ, बगतुयास काय? घाल की गोळी!” डाकू ओरडत होता आणि माझं पिस्तूल नुसतं कटकट करत होतं.

मुळशी धरणाच्या कडेला एका रिसॉर्टवाल्याने जुन्या अमेरिकेतलं काउबॉयचं गाव उभारलंय. दर शनिवारी संध्याकाळी पुण्याची मंडळी तिथे चकमक बघायला येतात. शेरीफ मी, आणि डाकू जवळच्या घोटावडे गावचा. सकाळी म्हशी धुऊन, दूध घालून तो मरायला येतो. आधी मरायच्या जागेवरचे खडे वेचतो, टोपी मळू नये म्हणून खुंटीला अडकवतो. मग इतका सावकाश मरतो, की तेवढ्यात अख्ख्या गोठ्याचं दूध निघावं. त्याच्या किंकाळीने धरणावरचे बगळे उठतात, ते ताम्हिणी उतरून थेट कोकणात बसतात.

त्या दिवशी पिस्तुलातल्या टिकल्याच दमट निघाल्या. मालक पहिल्या रांगेत. खेळ फसला तर घरी बस, असं त्याने मला सकाळीच बजावलेलं. लोक हसायला लागले, मी नुसता चाप ओढत राहिलो.

डाकूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि छाती धरून कोसळला. असा तडफडला, की एक आजीबाई पाण्याची बाटली घेऊन धावल्या. टाळ्यांनी धरणाला लाटा आल्या. माझी नोकरी टिकली. दसऱ्याचं सोनं मी अजून आधी त्याला देतो, मग देवाला.

खेळ संपल्यावर मालकाने त्याला गाठलं. “गोळी उडालीच नाही, मग मेलास कशाला?”

तो विजारीची धूळ झटकत म्हणाला, “पाच वाजलं व्हतं, सायेब. मी पाचालाच मरतो.”