बर्फाखालची हवा

आयर्लंडमधल्या लिमरिक शहरातलं माझं दुकान म्हणजे एक खोली, दोन शिलाई मशिनं आणि एक ट्रायलचा पडदा. पँटची उंची कमी करणं, शाळा संपवणाऱ्या मुलींचे डेब्स नावाच्या नाचाचे गाऊन कमरेत आवळणं आणि इथल्या हॉस्पिटलमधल्या मल्याळी नर्सबायकांचे ब्लाऊज शिवणं, असं माझं काम. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग डिपेंडंट म्हणून आलेल्या बाईने यापेक्षा जास्त महत्त्वाकांक्षा धरू नये असं सगळ्यांचंच मत होतं, आणि माझीही त्याला फारशी हरकत नव्हती. अशा दुकानात गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एक साठीचा आयरिश माणूस खांद्यावर भलीमोठी बॅग घेऊन आला आणि म्हणाला, "तुम्ही आइस हॉकीचं शिवता का?"

मी हो म्हणाले. आइस हॉकी काय असतं ते मी नवऱ्याला संध्याकाळी विचारणार होते.

झालं असं होतं, की समुद्रापलीकडच्या एका व्यावसायिक लीगला आपला पसारा वाढवायचा होता आणि त्यांनी एक नवा संघ आमच्या शहराला दिला होता. हे शहर रग्बीचं, त्याखालोखाल हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचं. बर्फ इथे ग्लासात पडतो, आणि तोही मागितला तर. तरी कोणीतरी शहराबाहेरचं फर्निचरचं जुनं गोदाम घेतलं, त्यात पाइप टाकले, त्यावर बर्फ केला, आणि कॅनडा, स्लोव्हाकिया, लाटव्हिया अशा देशांतून खेळाडू आणले. बॅग घेऊन आलेला माणूस या संघाचे कपडे सांभाळायचा. पूर्वी तो एका रग्बी क्लबात हेच करत असे. संघ नवा म्हणून त्याच्याकडे बर्फाचंही काम दिलेलं होतं. त्याचा अनुभव विचारला तर तो म्हणाला, "माझ्या घरी फ्रीज आहे."

पहिलं काम जर्सींच्या पाठीवर नावं शिवायचं होतं. एका बचावपटूच्या नावात चौदा अक्षरं होती. ती दोन्ही खांद्यांवरून वळवून मी अर्धा दिवस घालून बसवली. तीन सामन्यांनंतर त्या गृहस्थाला घरी पाठवलं आणि ती अक्षरं मला उसवावी लागली. शिवण नीट असली तर उसवायला जास्त वेळ लागतो. दुसरं काम त्याहून नवलाचं. जर्सीच्या आत पाठीकडे एक जाड पट्टा शिवायचा, तो खेळाडू पँटला अडकवतो. कशासाठी? तर मारामारीत समोरच्याने जर्सी डोक्यावरून ओढून आंधळं करू नये म्हणून.

"म्हणजे मारामारी होणार हे आधीच ठरलेलं असतं?" मी विचारलं.

"अगदी ठरलेलं असं नाही," कपडेवाला म्हणाला, "पण पट्टा लागतो."

नवऱ्याने चार व्हिडिओ बघितले आणि तो जाणकार झाला. पहिल्या सामन्याला त्याने मला सगळे नियम समजावले. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईने वळून त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते विचारलं, आणि त्याने जे सांगितलं ते क्रिकेटमधल्या पायचीतसारखं काहीतरी होतं. बाईने समाधानाने मान हलवली. गोदामात दीड हजार माणसं असतील, त्यांतल्या कोणाला ते चूक आहे हे कळलं असतं असं वाटत नाही. आम्ही तो सामना हरलो. त्यानंतरचेही हरलो. डिसेंबरपर्यंत आम्ही सगळेच्या सगळे हरलो होतो. तरी लोक येत होते, कारण बाहेर पाऊस असे आणि आत चिप्स चांगले मिळत.

प्रशिक्षक कॅनडाचा होता, अबोल आणि सभ्य. प्रत्येक हरण्यानंतर तो बर्फाला दोष द्यायचा. दाराच्या उजव्या हाताचा कोपरा मऊ होता. तिथे पक नावाची खेळातली रबरी चकती थांबायची, स्केट रुतायचे. आम्हाला वाटे, माणूस सबबी सांगतोय.

नाताळ झाल्यावर मालवणहून माझे सासरे आले. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. घरात एकटे बसतात, जेवत नाहीत, म्हणून नवऱ्याने हट्टाने तीन महिन्यांसाठी आणलं. इथे येऊन ते खिडकीपाशी बसले आणि जेवेनासे झाले. म्हणजे तीच गोष्ट, फक्त विमानाच्या तिकिटानंतर. आमची मुलगी त्यांच्याशी बोलायला जायची. ते मालवणीत विचारायचे, ती इंग्रजीत सांगायची. दोघांनाही एकमेकांचं निम्मं कळायचं. आठव्या दिवशी ते मला म्हणाले, "माका हय करमत नाय गो. तिकीट बदलून मेळात तर बघ."

मी बघते म्हणाले आणि बघितलं नाही. उलट शनिवारी त्यांना सामन्याला घेऊन गेले. घरी ठेवायचं कोणापाशी, एवढंच त्यामागे कारण. कानटोपी, दोन स्वेटर, वर नवऱ्याचं जॅकेट, असे ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

आणि त्या दिवशी आम्ही जिंकलो. पाहुण्यांचे दोन खेळाडू त्या मऊ कोपऱ्यात एकामागोमाग आपटले. आमच्या लोकांना सरावाने तो कोपरा पाठ झालेला, ते वळसा घालून गेले आणि गोल केला. तिसऱ्या सत्रात पुन्हा तेच. शेवटची शिटी वाजली तेव्हा गोदाम पडतंय की काय असं वाटलं. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. नवरा पुढच्या रांगेतल्या बाईच्या गळ्यात पडला. माझेही डोळे भरून आले, का ते विचारू नका, मी फक्त पट्टे शिवले होते.

एकटे सासरे बसून होते. ते खेळाकडे बघतच नव्हते. खाली वाकून काचेतून बर्फाकडे बघत होते.

"बाबा, जिंकलो आपण!"

"हो बर्फ नाय गो," ते म्हणाले. "ही पेज असा."

मला विसरच पडला होता. सासऱ्यांनी सगळं आयुष्य मालवणच्या एका बर्फाच्या कारखान्यात काढलं होतं. मच्छीमारांच्या होड्यांना बर्फ लागतो, त्या लाद्या करायचा कारखाना. आमच्या घरी ही गोष्ट 'बाबा कारखान्यात होते' एवढ्यावर संपे. माझ्या लग्नात माझ्या माहेरच्यांनी तर तो साखर कारखाना आहे असं समजून घेतलं होतं आणि सासरच्यांनीही दुरुस्ती केली नव्हती.

कपडेवाला आनंदाने लालबुंद होऊन आमच्याकडे आला. म्हातारे गृहस्थ काय म्हणतात, त्याने विचारलं. मी जिभेवर येईल ते भाषांतर केलं. "ते म्हणतात, हा बर्फ नाही, पॉरिज आहे."

मला वाटलं त्याला राग येईल. तो एकदम गंभीर झाला. "कुठे?"

सासऱ्यांनी कोपरा दाखवला. मग तिथून भिंतीपर्यंत हवेत बोटाने एक रेघ काढली. "थंयसून लाइन येता. तेच्यात हवा भरली हा. असलो बर्फ आमच्या बांगड्याक सुद्दा चालाचो नाय." बांगड्याचा भाग मी गाळला.

मंगळवारी सकाळी मी दुकानाला 'अर्ध्या तासात येते' अशी पाटी लावली आणि सासऱ्यांना घेऊन गोदामाच्या मागच्या खोलीत गेले. गार द्रव पंपाने पाइपांतून बर्फाखाली जातो आणि परत येतो, एवढं मला समजलं. परत येणाऱ्या पाइपांची तोंडं एका रांगेत होती. सासऱ्यांनी हातमोजा काढला आणि एकेकावर तळहात ठेवत गेले. बाकी सगळ्यांवर पांढरं हिंव धरलं होतं, शेवटच्या सहांवर नव्हतं. त्यांनी कपडेवाल्याचा हात धरून त्या पाइपांवर ठेवला. त्याने एकदा इकडे, एकदा तिकडे हात लावून बघितला आणि एक शिवी दिली, ती मी भाषांतरित केली नाही, पण सासऱ्यांना ती कळली.

"हवा काढूक होयी," सासरे म्हणाले. "व्हॉल खय असा?"

व्हॉल्व्ह कुठेच दिसेना. दोघं पाइपाच्या मागोमाग रिंगणाच्या कडेपर्यंत गेले, तिथे एका खाटकाच्या दुकानाची मोठी जाहिरात लावलेली होती. तो फळा उचकटल्यावर त्याच्यामागे व्हॉल्व्ह सापडला. संघ सुरू झाल्यापासून तो तिथे सॉसेजच्या चित्रामागे बसलेला होता. सासऱ्यांनी पाना मागितला, पाव वळसा दिला. बराच वेळ नुसती हवा फुसफुसत राहिली, मग थुंकल्यासारखा द्रव आला, मग एकसारखी धार. त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि पाना पुसून परत दिला. माझा अर्धा तास तीन तासांचा झाला होता. दारात दोन गिऱ्हाइकं थांबून गेल्याचं शेजारच्या न्हाव्याने सांगितलं.

गुरुवारपर्यंत कोपरा दगडासारखा झाला. प्रशिक्षकाने सासऱ्यांशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. आता खरा खेळ दिसेल, असं तो म्हणाला.

तो दिसला. शनिवारी पाहुण्यांनी आम्हाला असं काही हरवलं की मध्यंतरानंतर लोक गोल मोजायचे थांबले. पाहुण्यांचा कप्तान जाताना कपडेवाल्याला सांगून गेला, की या लीगमधला हा सर्वोत्तम बर्फ आहे, इथे खेळताना काय मजा येते! पुढच्या आठवड्यात दुसऱ्या संघानेही तेच सांगितलं. सगळ्यांनाच आमच्याकडे यायला आवडू लागलं.

तिसऱ्या हरण्यानंतर प्रशिक्षक माझ्या दुकानात आला. फाटलेली जर्सी घेऊन आला होता, पण त्यासाठी प्रशिक्षकाने स्वतः यायची गरज नव्हती. टेबलावरच्या बॉबिनशी थोडा वेळ चाळा करून तो म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांना विचाराल का, त्या कोपऱ्यात थोडी हवा परत भरता येईल का?"

तो हसत होता. पण उत्तराची वाट बघत होता.

घरी येऊन मी विचारलं. सासरे पेजच खात होते, माझ्या हातची, लोणच्याबरोबर. त्यांनी वाटी खाली ठेवली. "परत भरूची? येडो असा काय तो?" मग जरा विचार करून म्हणाले, "तेका सांग, आता दोष बर्फाचो नाय." मी प्रशिक्षकाला एवढंच कळवलं, की तांत्रिकदृष्ट्या ते शक्य नाही.

तिकीट बदलायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. सासरे रोज सकाळी बसने गोदामात जाऊ लागले. मुलीने त्यांना बसचं कार्ड कसं लावायचं ते शिकवलं. कपडेवाला आणि ते मागच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून बसत. एक मालवणीत बोले, दुसरा लिमरिकच्या इंग्रजीत, जी मलाही नीट कळत नाही. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा दोघांचं जोरात काहीतरी चाललं होतं. कशावरून भांडताय, विचारलं तर कपडेवाला म्हणाला, भांडत नाही, तुझे सासरे मला त्यांच्या बायकोबद्दल सांगतायत. मी सासऱ्यांकडे पाहिलं. आम्हाला, म्हणजे मला किंवा त्यांच्या मुलाला, सासूबाई गेल्यापासून त्यांनी एक शब्द सांगितला नव्हता. मी डबा ठेवला आणि निघाले. बाहेर गाडीत थोडा वेळ बसून राहिले. त्या दिवशी दुकान जरा उशिरा उघडलं.

संध्याकाळी मी कपडेवाल्याला फोन करून विचारलं, की त्यांनी काय सांगितलं. तो म्हणाला, "मला कसं कळणार? पण ग्रँड बाई होती, एवढं समजलं."

मोसम मार्चअखेर संपला. मधे आणखी दोनदा जिंकलो तरी आम्ही शेवटून पहिले आलो, आणि वरच्या संघात आणि आमच्यात एवढं अंतर होतं की गुणतालिकेत आम्ही वेगळ्या पानावर छापले गेलो होतो. शेवटच्या सामन्यानंतर लोक उभे राहून पाच मिनिटं टाळ्या वाजवत होते. खेळाडूंना ते नीट कळलं नसावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आधी संशय होता.

दोन दिवसांनी सासऱ्यांना विमानतळावर सोडायला निघालो. कपडेवाल्याने त्यांना स्वतःचा एक जुना पाना भेट दिला होता. तो हातातल्या सामानात चालणार नाही म्हणून नवरा वाटेत गाडी थांबवून बॅग उघडून बसला आणि सासरे रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याला सूचना देत राहिले. पुन्हा गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "चार जिंकले मा आपण?"

"तीन, बाबा."

"तीन तर तीन," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

लीगने आम्हाला पुढच्या मोसमासाठी ठेवलं आहे. कारणांमध्ये प्रेक्षकांचा उत्साह आणि बर्फाचा दर्जा असं लिहिलंय. नव्या जर्सींचे गठ्ठे परवाच आले. सासऱ्यांनी अजून व्हिसाचा अर्ज केलेला नाही. गुडघे दुखतात म्हणतात. कपडेवाला मात्र दर दोन-चार दिवसांनी दुकानात डोकावतो आणि अर्ज केला का म्हणून मला विचारतो.