सर्वणची अकराची पेज

सगळ्यांत आधी कोण पोचलं म्हणाल, तर पाहुणेच. वास्कोहून स्वतःच्या गाडीने आले, आणि मी, मुलीची आजी, अजून म्हापशाच्या स्टँडवर पातळ भाजी आणि उंडो, म्हणजे आमचा गोल पाव, खात बसलेली. तुम्ही पेडण्याहून निघालात तर म्हापशाला उतरून डिचोलीची बस धरा, पण भाजी खाऊनच. माझी एक बस त्यात गेली, गेली तर गेली. डिचोलीहून सर्वणला रिक्षा. सुटे पैसे ठेवा.

सर्वणला माझी लेक शोभा असते. तिच्या मेघाला बघायला माणसं आली होती. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, प्रश्न होता मुलाच्या आईचा. शोभाने मला दारातच धरलं. "आई, तू चड बोलू नको हां. मोठी माणसं ती, पुस्तकातल्यासारखं बोलतात."

मी गप्प बसले. मला ते किती जड गेलं असेल ते माझी शेजारीण सांगेल.

"आपण केक घ्यावा," शोभा म्हणते.

"आपणही घ्यावा," मुलाची आई म्हणते.

केक तसाच. आमची मेघा घरात एवढी बडबडी, पण आज नुसतं हो आणि नाही. मला वाटलं, हे काही जुळत नाही.

अकरा वाजले. आमच्याकडे ही पेजेची वेळ. पाहुण्यांना दिसू नये म्हणून शोभाने पेजेचं भांडं परातीखाली झाकलेलं. मी हळूच आत जाऊन वाटी भरली, तर मागे मुलाची आई.

"मावशे, मातशी पेज आसा?"

मातशी म्हणजे थोडीशी. मी दुसरी वाटी घेतली.

"आमोण्याची गो मी, शेतकाराची चेडू," ती म्हणाली. "झिलान सांगलां, थंय बरी मराठी उलय. सकाळपासून जीभ दुखता." म्हणजे ही इथल्याच डिचोलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, आणि तिच्या लेकानेच तिला बजावलेलं, तिथे चांगली मराठी बोल.

मिठातली कैरी काढली आणि दोघी जमिनीवरच बसलो. शोभा आली, कपाळाला हात लावून तीही बसली. मेघा दारातच उभी राहिली.

"मी तुमच्या घरी कशी बोलू?" तिने विचारलं.

"आता मी पेज मागली नी, तशी."

मग मेघा जी बोलायला लागली ती थांबेना. बाहेर मुलगा एकटाच केक खात होता.

परतीच्या बसला खिडकी मिळाली. दोन्ही घरं एकमेकांना मोठी समजून सकाळभर उपाशी बसली, ह्याचं म्हापशापर्यंत हसू येत होतं. घरी येऊन शेजारणीला सगळं दोनदा सांगितलं. बोलणी पक्की करायला वास्कोची माणसं येत्या आयतारी परत येतो म्हणालीत, पेजेच्या वेळेला.