सिस्टरबाईंचा व्हिसा

“वर म्हंजे कोन? नाव सांगा त्याचं.”

ताडकळसच्या दवाखान्यात तुम्ही कधी गेला असाल, तर सिस्टरबाईंचा हा प्रश्न ऐकला असेलच. लस वरून आली नाही, असं कुणी म्हटलं की टेबलावर तळहात आपटून त्या नाव विचारत. नाव कळलं की एसटी धरून परभणीला जात, साहेबांच्या दारात बसून राहत आणि संध्याकाळच्या गाडीनं लशीचा डबा मांडीवर घेऊन परत येत.

माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बाई निवृत्त झाल्यावर माझ्या वाट्याला आल्या. एकुलती एक लेक परदेशात नर्स, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. “बाळंतपनाला माय नको का? भर फॉर्म.”

फॉर्मनं जन्माचा पुरावा मागितला. जिनं अर्ध्या तालुक्याच्या जन्माच्या नोंदी केल्या, तिचीच नोंद कुठं नव्हती. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, नोकरीच्या पुस्तकात सासरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. या तिन्ही बाया एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र केलं. मग ठसे द्यायला मुंबई. साबणानं, स्पिरिटनं बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र ठसे घेईना. “आजी, बोट नीट ठेवा,” तिथली मुलगी म्हणाली. “बोट नीटच हाय माय, तुजं मशीन बघ.”

महिन्याभरानं पत्र आलं. मी मराठीत सांगितलं: तुम्ही विधवा आहात, शेतीवाडी नाही, तुम्ही मायदेशी परताल याची आमची खात्री पटत नाही. व्हिसा नाकारला.

“म्हंजे मी पळून जाईन म्हनायलेत का?”

“तसंच म्हणायचंय त्यांना.”

“कोन म्हनायलंय? नाव वाच.”

नाव नव्हतं. सहीसुद्धा नव्हती. खाली नुसता एक नंबर. स्वतःच्या दोन खोल्या, पेन्शन, रस्त्यानं चालताना वाट अडवून चहाला बोलावणारं अख्खं गाव, यातलं काहीच त्या नंबराला पुरलं नव्हतं. मला आजही त्या नंबराचा राग येतो.

लेक बाळंत झाली त्या दुपारी बाई माझ्या दुकानात होत्या. घरी त्यांना रेंज नव्हती. जावयानं व्हिडिओवर बाळ दाखवलं, मुलगी. बाईंचा पहिला प्रश्न, “लगेच रडली का?”

“हो आई, लगेच.”

मग त्यांनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्यांच्या लेकींसाठी चिखल तुडवत धावलेली बाई स्वतःच्या लेकीच्या वेळी मोबाईलच्या काचेवर बोट फिरवत बसली होती. हा कुठला न्याय?

दुसऱ्या अर्जाला मी कागदांचा गठ्ठा जोडला, सरपंचाचं पत्रसुद्धा. व्हिसा मिळाला तेव्हा नात आठ महिन्यांची झाली होती. आजीला बघून ती किंचाळली. मांडीवर यायला पंधरा दिवस लागले. बाई फोनवर सांगायच्या, “लय थंडी. शेजारीन दिसती, पन बोलंना. दिवसभर मी आन् ही. न्हाऊ घालायचं, निजवायचं.” नातीच्या लशीला गेल्या, तर खिडकीतली बाई म्हणाली, सिस्टीम आज तारीख देत नाही. “सिस्टीम म्हंजे कोन? नाव विचार,” बाईंनी लेकीला फर्मावलं. लेक शरमेनं लाल. खिडकीतल्या बाईनं मात्र हसून स्वतःचं नाव लिहून दिलं, आणि तारीखही दिली.

मुदत संपायच्या चार दिवस आधी बाई ताडकळसला हजर. आता तरी खात्री पटली का, हे त्यांना कुणी कळवलं नाही.

पुढच्या वर्षी लेकीनं पोरीला घेऊन यायचं ठरवलं. पोर तिथली नागरिक, म्हणून आता तिला भारताचा व्हिसा. आपलाही फॉर्म कमी नाही. आजोबा कुठले, आजी कुठली, येण्याचं कारण काय. फोटो दोनदा परत आला. “हे तर आपलेच की रे!” बाई कडाडल्या. “दीड वर्षाच्या लेकराला काय कारन असतंय?”

पोर आली, दोन महिने राहिली, आजीच्या कडेवर बाजार फिरली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई वारल्या. पण मला त्या अजून दुकानातल्या खुर्चीत दिसतात, नातीचा फॉर्म भरतानाच्या. एकच रकाना राहिला होता: शरीरावरील ओळखीची खूण. लेकीला विचारावं म्हणून मी फोन उचलला.

“फोन कशाला?” बाईंनी स्वतःच्याच कानामागं बोट नेलं. “हितं. पोरीच्या डाव्या कानामागं तीळ हाय, बारका. लिही.”