सन कुठला?

आमच्या गोखिवऱ्याच्या सोसायटीत पाण्याचा पंप दुरुस्त करायला येणारे काका बोलतात कमी, पण बोलतात ते शिक्का मारल्यासारखं. पंपावर पंजा टेकवून डोळे मिटतात आणि जाहीर करतात, "पानी येनार." आणि पाणी येतं.

खाडीकडे त्यांचं अजून थोडं भातशेत आहे. दरवर्षी नव्याच्या पुनवेला ते नव्या भाताच्या लोंब्या आणून आमच्या दारांवर बांधतात.

यंदा सोसायटीने या सणाच्या इतिहासावर माझं भाषण ठेवलं. मी निवृत्त मास्तर ना! चार पुस्तकं चाळली, पण सण सुरू कधी झाला ते सापडेना. कागदावर 'सन' लिहून पुढची जागा कोरी सोडली. शेवटी काकांनाच विचारलं, "काका, सन कुठला?"

"भाताचा," ते म्हणाले.

काका 'ण'चा 'न' करतात. त्यांना वाटलं, मी सणच विचारतोय. मला हसू आलं.

पुनवेला सगळे नटूनथटून जमले. काका मोकळ्या हातांनी आले.

"दान्यात अजून दूध हाय. आज नाय बांधनार."

"अहो, कॅलेंडरात आजच आहे!"

"कॅलेंडर बघून भात पिकतो काय?" म्हणत ते पंपाकडे वळले. माझं भाषण खिशातच राहिलं.

नऊ दिवसांनी सकाळीच बेल वाजली. दारात काका, खांद्यावर लोंब्यांची पेंढी. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला. कट् आवाज झाला.

"मास्तर, आज सन."

मी भाषणाचा कागद काढला आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'भाताचा'.