ओटीत मागणाऱ्या आक्का

दुपारी जेवण झालं, पंख्याखाली जरा डोळा लागला की आक्का येतात. दारातून सरळ आत येतात, पिशवी खुंटीला अडकवतात आणि विचारतात, "काय वं, झोपली का?" मी दचकून उठते. बाहेर ऊन असतं, तुरीच्या वाळक्या काड्यांचा वास असतो आणि दारात कोणी नसतं. आता त्यांचा फोटो बुलढाण्याच्या एका सभागृहात हार घालून टांगलेला आहे. फोटोतल्या आक्का अगदी गरीब गाय दिसतात. तो ज्यानं निवडला त्यानं आक्कांना जन्मात पाहिलेलं नसणार!

ऐंशीच्या दशकात ज्यांच्या शब्दावर आमचा जिल्हा हलायचा अशी माणसं मोजकीच होती. जीपमधून येणारे आमदार होते, रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावणारे शेतकऱ्यांचे पुढारी होते, एका कीर्तनात गावची दारू बंद पाडणारे महाराज होते. आक्का या सगळ्यांच्या बरोबरीच्या. मेहकरकडच्या, जिल्हा परिषदेवर निवडून आलेल्या. पण सभेत त्यांनी कधी काही मागितलं नाही. मागायचं असलं की त्या पुढाऱ्याच्या किंवा साहेबाच्या घरी जायच्या, मागच्या दारानं, त्याच्या बायकोकडे. आलेल्या सवाष्णीला ओटी भरल्याशिवाय कोण पाठवतं? घरची बाई सुपात गहू, खण, नारळ घेऊन आली की आक्का पदर पसरायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, खण राहू द्या. माह्या ओटीत हे एक काम घाला." सवाष्णीचा पसरलेला पदर रिकामा कसा पाठवायचा? बाई घाबरून "घातलं" म्हणायची. संध्याकाळी साहेब घरी आले की त्यांना कळायचं, आपण काय मंजूर केलं ते.

देऊळघाटच्या एका वस्तीतला हातपंप असाच एका इंजिनिअरच्या बायकोनं ओटीत घातला होता. मेहकरहून सकाळी लवकर निघणारी एक एसटी कोणा साहेबांच्या घरी, चैत्रातल्या हळदीकुंकवात सुटली होती. आमचे आमदार कपाळाला हात लावून म्हणायचे, "ही बाई माह्याविरुद्ध भाषण करते ते परवडते, पण घरी येते ते नाही परवडत." आक्कांना कोणी हटकलं तर त्यांचं एकच उत्तर असायचं. "मागाले लाज कायची? मी कोणासाठी मागून राह्यली ते पाह्य ना बे!"

त्यांच्यासोबत नेहमी त्यांचे मास्तर असायचे. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे. आक्का आत गेल्या की ते ओट्यावर बसायचे, पेपर उघडायचे आणि पेपराआड झोपायचे. आक्का बाहेर येऊन फक्त "मास्तर" म्हणायच्या. ते उठायचे, पिशवी उचलायचे आणि विचारायचे, "काय घातलं?" मला त्या दोघांचा फार हेवा वाटायचा, खरं सांगते. आमच्या घरात नवरा-बायको एका बाजेवर बसून बोलतील तर छप्पर कोसळेल अशी रीत होती.

आमचं घर धाडचं. मी नवी सून, डी.एड. झालेली, आणि सगळं शिक्षण फडताळात ठेवून भाकरी थापत बसलेली. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गावातलं मोठं नाव आणि आक्कांच्या विरुद्ध पक्षाचे. गावातल्या पोरी सातवीपर्यंत शिकायच्या आणि मग थांबायच्या. बुलढाण्याला एसटीनं पोर पाठवायला कोण तयार होतं? आक्कांच्या संस्थेनं धाडला मुलींचं हायस्कूल आणायचं ठरवलं होतं. परवानगी यायची होती, अट एकच होती, शाळेला स्वतःची जागा पाहिजे. आणि तशी जागा गावात एकच, बुलढाणा रस्त्याला लागून असलेलं मामाजींचं रान. तिथं त्यांना दालमिल टाकायची होती. शाळा झाली तर मला शिकवायला घेऊ, असं आक्कांनी मला भर बाजारात सांगितलं होतं. त्या दिवसापासून माझं भाकरीत लक्ष नव्हतं.

मग एका श्रावणी शुक्रवारी आक्का आमच्या मागच्या दारात उभ्या. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. आत्याबाई म्हणजे घरात असूनही नसल्यासारख्या. मामाजींसमोर त्यांचा आवाज मी ऐकलाच नव्हता. त्या सूप घेऊन आल्या. आक्कांनी पदर पसरला.

"वहिनी, रस्त्याकडची जागा घाला माह्या ओटीत. पोरीईची शाळा बांधतो."

आत्याबाईंचा हात सुपात तसाच राहिला. मी चुलीजवळ उभी होते. बाहेर मास्तरांचा पेपर फडफडत होता. मग आत्याबाईंनी गव्हाची ओंजळ भरली, आक्कांच्या पदरात सोडली आणि एवढ्या हळू बोलल्या की मला ते ओठांवरूनच कळलं. "देल्ली."

मामाजी रागावले नाहीत. ते मोठे हुशार होते. "घरच्या बाईनं देल्ली त देल्ली," एवढं म्हणून ते सुपारी कातरायला लागले. मग निंदणी आली, मग पोळा आला, मग "दसरा होऊ द्या", मग "दिवाळी होऊ द्या". आक्का निरोप धाडत राहिल्या आणि मामाजी सुपारी कातरत राहिले.

दिवाळीनंतर मास्तर गेले. एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसल्याबसल्या, पेपर हातात असतानाच गेले. आक्कांना वाटलं, झोपले. मी भेटायला गेले तेव्हा त्या मोकळ्या कपाळानं भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "उठवलं वं त्यायले. दोन डाव उठवलं."

आणि घरी मामाजी बैठकीत म्हणाले, "ओटी सवाष्णीची असते. सवाष्णच राह्यली नाही त ओटी कायची? ते मिटलं आता." बैठकीतल्या माणसांनी माना डोलावल्या. आत पाट्यावर चटणी वाटताना आत्याबाईंचा वरवंटा थांबला. मला काय झालं असेल ते सांगायला नको. परवानगीची मुदत उन्हाळ्यात संपत होती आणि दालमिलच्या विटा येऊन पडायला लागल्या होत्या.

संक्रांतीला आमच्याकडे अख्ख्या गावच्या बायका हळदीकुंकवाला यायच्या. अंगणात सतरंज्या, तिळाचा खमंग वास, बांगड्यांचा किणकिणाट. त्या दिवसाचं ऊनसुद्धा अजून तसंच डोळ्यांपुढे येतं, हळदीत कालवल्यासारखं. विधवा बायका त्या दिवशी असल्या घराकडे फिरकत नसत. आणि आक्का आल्या. एकट्या. फिक्या लुगड्यात, पिशवी स्वतःच्या खांद्यावर. आत आल्या नाहीत. मास्तर जिथं बसायचे तिथंच, ओट्यावर टेकल्या. बायकांना कुठं बघावं कळेना.

मामाजी बैठकीतून बाहेर आले. माणूस रीतीचा. "आक्का, चहा घ्या. बाकीचं आता... तुमाले माहीत आहे."

"माहीत आहे ना दादा. म्हणून त बाहेर बसली. मी मागाले नाही आली. देलेला शब्द घरात आहे का गेला, तेवढं पाह्याले आली."

मामाजी हसले. आत जायला वळले आणि थबकले, कारण दारात आत्याबाई उभ्या होत्या. हातात सूप. त्या मामाजींच्या शेजारून निघाल्या, सतरंजीवरच्या बायकांमधून वाट काढत ओट्यापाशी आल्या.

"आक्का, पदर पसरा."

"वहिनी, समजून करा," आक्का हळूच म्हणाल्या. "तुमाले ह्याच घरात राहाचं आहे."

"पसरा म्हणते ना!"

पूर्ण अंगणानं आत्याबाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यांनी ओंजळीवर ओंजळ गहू घातले, खण घातला, नारळ घातला. कुंकवाचं बोट मात्र आक्कांच्या कपाळापर्यंत जाऊन मागं आलं आणि नारळाला लागलं. तेवढी भीती त्यांनाही होतीच. मग वळून, मामाजींकडे न बघता पण त्यांनाच ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "तवा देल्ली होती. आताबी देल्ली. माह्या ओटीत सवाशीन अन् रांडव असं दोन नसते." गावच्या सगळ्या बायका साक्षीला बसल्या होत्या. आता मामाजी काय बोलणार, डोंबल?

जागेची मोजणी झाली. दालमिलच्या विटा शाळेला लागल्या. मामाजी पुढं बरेच महिने आत्याबाईंशी बोलले नाहीत. समोर आत्याबाई असताना मला म्हणायचे, "तुह्या सासूले सांग, पाणी दे." आत्याबाई पाणी द्यायच्या आणि मला म्हणायच्या, "तुह्या सासऱ्याले सांग, ठेवलं." शाळा सुरू झाली. आठवीच्या पहिल्या वर्गात मूठभर पोरी, वर पत्रे, आणि खडू हातात धरलेली मी. त्या पहिल्या दिवशी फळ्याकडे तोंड करून मी नुसती रडले.

किंमत आक्कांनी मोजली. पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या, आणि चांगल्याच पडल्या. विधवा बाईनं भर संक्रांतीला ओटी घेतली, अशा बाईला मत देऊन गावावर संकट कोण आणणार, असा प्रचार गावोगाव झाला. बायकांनीही केला. त्यानंतर त्यांच्या पक्षानं त्यांना कधी उभं केलं नाही. मी सांत्वनाला गेले तर आक्का शेंगा फोडत बसलेल्या. म्हणाल्या, "मास्तर असते त म्हणले असते, बरं झालं, आता तरी घरी जेवशील." आणि स्वतःच हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मला त्या गावांचा राग आला होता आणि अजून आहे.

पुढं कितीतरी वर्षं गेली. आत्याबाई थंडीत गेल्या, चार दिवसांच्या तापानं. सवाष्ण गेली म्हणून गावच्या सवाष्णी त्यांची ओटी भरायला जमल्या. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. ओट्यावर मामाजी भिंतीला टेकून बसले होते, डोळे कोरडे. बातमी कळताच आक्काही आल्या होत्या. आता पुरत्या म्हाताऱ्या, काठी टेकत. इतर विधवांबरोबर त्या लांब फाटकापाशी उभ्या राहिल्या, रीतीप्रमाणे.

पहिली सवाष्ण सूप घेऊन पुढं झाली तेव्हा मामाजी उठले. "थांब वं," म्हणाले. आणि धोतर सावरत, अंगण ओलांडून थेट फाटकापर्यंत गेले.

"आक्का, काऊन अथी उभ्या? चाला. हिची पयली ओटी तुमी भरा."

एक म्हातारी कुजबुजली, "दादा, असं कुठं असते का?"

"माह्या घरी असते," मामाजी म्हणाले.

बायकांनी वाट दिली. आक्का आत्याबाईंपाशी बसल्या. काठी बाजूला ठेवली, पण ओंजळीतले गहू पदराबाहेरच सांडायला लागले. "वहिनी, पदर..." एवढंच त्या म्हणाल्या. भर सभेत पुढाऱ्यांना गप्प करणारी ती बाई सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडायला लागली. तेव्हा मामाजी खाली बसले. आपल्या म्हाताऱ्या हातांनी त्यांनी आत्याबाईंचा हिरवा पदर नीट पसरला, आणि आक्कांची ओंजळ पूर्ण रिकामी होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.